गळाला लागलेला मासा : खावा की न खावा?

स्वतः गळ टाकून पकडलेला नदीतला किंवा तळ्यातला मासा खावा की खाऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला आहे. त्यासाठी अंकाची पाने खर्च करावीत काय, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु आपल्या लोकांत नोकरीतून मोकळे झाल्यावर गळ घेऊन पाण्याकाठी बसणारे पुष्कळ आहेत. कोणी किन्नेरेतला जातात, कोणी यार्देनच्या काठी, कोणी यार्कोनवर, तर कोणी किशोनच्या मुखाशी. संध्याकाळी पिशवी घेऊन परततात, आणि मासे जास्त मिळाले असले तर दोन खाली, दोन वर, दोन समोरच्या घरी जातात. कोकणातून आलेल्या माणसाला घरी आलेली मासळी एकट्याने खाता येत नाही. म्हणूनच हा प्रश्न एकट्या पकडणाऱ्याचा राहत नाही. त्यात शेजारधर्म येतो, घरातली लहान मुले येतात, आपला धर्म येतो, आणि ज्यांनी पाणी घाण केले त्यांचा हिशेबही येतो.

ह्या विषयावर दोन तऱ्हेची मते आम्ही नेहमी ऐकतो. एक म्हणतात, "खवले आहेत, पर आहेत, मग झाले! आमच्या वाडवडिलांनी ओढ्यातले, खाडीतले मासे खाल्ले आणि नव्वद नव्वद वर्षे जगले." दुसरे म्हणतात, "नदीचा मासा घरात आणूच नका. दुकानातला बर्फातला घ्या, त्यावर शिक्का असतो." पहिल्यांचा भरवसा डोळ्यांवर आहे, दुसऱ्यांचा शिक्क्यावर. आमच्या मते दोघांनीही विचार अर्ध्यावर सोडला आहे.

मासा पाहून ओळखणे ही गोष्ट आपल्या समाजाच्या इतिहासाशी कशी जोडलेली आहे, हे वाचकांना सांगायला नको. दावीद राहाबी कोकणात आले, हे लोक खरोखर इस्राएली आहेत की नाहीत अशी त्यांना शंका होती, म्हणून त्यांनी आपल्या बायांपुढे निरनिराळ्या जातींचे मासे ठेवून ते रांधायला सांगितले. बायांनी खवले आणि पर असलेले मासे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. पुस्तके नव्हती, हिब्रू येत नव्हते, पण हाताला आणि डोळ्याला नियम ठाऊक होता. तेलघाणा चालवणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या त्या लोकांची ओळख माशाच्या टोपलीतून पटली, ह्याचा आम्हांला आजही अभिमान वाटतो.

त्या परीक्षेचा एक गुण असा की ती कोणालाही करता येत होती. मासा हातात घ्यावा, नखाने खवला काढून पाहावा, निकाल लागला. आजच्या पाण्यातला मासा मात्र ह्या परीक्षेत पूर्ण गुण मिळवूनही घातक असू शकतो. त्याचा रंग ताजा असतो, डोळे चकचकीत असतात, कल्ले लाल असतात, वासही चांगला येतो. जे वाईट आहे ते डोळ्याला, नाकाला, जिभेला कळत नाही. म्हणून आधी थोडी माहिती घेऊ, मग नीतीकडे वळू. माहितीवाचून केलेला नीतीचा उपदेश पोकळ असतो, हे आम्ही वर्गात पुष्कळ वेळा पाहिले आहे.

गोड्या पाण्यातल्या माशापासून होणारे अपाय ढोबळ मानाने तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार जंतांचा. थंड देशांतल्या सरोवरांतल्या काही माशांच्या मांसात एका लांब चपट्या जंताच्या अळ्या असतात. अमेरिकेत आलेल्या पूर्व युरोपातल्या यहुदी घरांतून हा जंत विशेषतः गृहिणींना होत असे. पुरुषांना तो कमी आणि बायांनाच का जास्त, ह्याचे डॉक्टरांनी शोधलेले उत्तर फार साधे होते. त्या बाया कुस्करलेल्या कच्च्या माशाचे मिश्रण, मीठ बरोबर झाले की नाही हे पाहण्यासाठी, शिजवण्याआधी चाखत असत. घरातल्या बाकीच्यांना शिजलेला मासा मिळे. ह्या अपायावर उपाय सोपा आहे. मासा आतपर्यंत त्रेसष्ट अंश सेल्सियस तापला, किंवा उणे वीस अंशांवर सात दिवस गोठवून ठेवला, तर अळ्या मरतात. आपले कालवण चांगले उकळते, त्यामुळे तिथे भीती कमी. भीती आहे ती अर्धवट भाजलेल्या आणि कच्च्या खाण्याच्या नव्या शौकात.

दुसरा प्रकार हाताळण्याचा. ह्या आपल्या देशात १९९६ आणि १९९७ साली तळ्यांत वाढवलेले अमनून आणि कार्प हाताळताना काटा टोचून बासष्ट जणांना एका जिवाणूचा गंभीर संसर्ग झाला. त्यांनी मासा खाण्यापूर्वीच, तो नुसता साफ करताना हे घडले. त्या सुमारास मासे बर्फात न घालता जिवंत विकण्याची पद्धत सुरू झाली होती. ती बदलून पुन्हा बर्फ आला तेव्हा रोगी कमी झाले. म्हणजे विळीवर बसलेल्या बाईच्या बोटातल्या जखमेकडे दुर्लक्ष करू नये, एवढा धडा त्यातून घ्यावा. ज्यांना मधुमेह आहे किंवा यकृताचा आजार आहे त्यांनी तर हातमोजे घातल्याशिवाय जिवंत माशाला हात लावू नये.

तिसरा प्रकार सर्वांत कठीण. तो म्हणजे पाऱ्यासारखी विषे. कारखान्यातून किंवा धुरातून आलेला पारा तळाच्या चिखलात बसतो. तिथले सूक्ष्म जिवाणू त्याचे अशा रूपात परिवर्तन करतात की तो सजीवांच्या अंगात मुरतो. शेवाळात थोडा, शेवाळ खाणाऱ्या किड्यांत अधिक, किडे खाणाऱ्या लहान माशात आणखी, आणि लहान मासे खाणाऱ्या मोठ्या, म्हाताऱ्या माशात सर्वांत जास्त. आडात असेल तेच पोहऱ्यात येते असे आपण म्हणतो. इथे मात्र आडात कणभर आणि पोहऱ्यात मणभर असा प्रकार होतो. हा पारा चरबीत साठत नाही, मांसातच बांधलेला असतो. म्हणून कातडे काढा, चिंच लावा, कोकम घाला, तासभर उकळा, तो जात नाही. माणसाच्या शरीरातून तो अर्धा कमी व्हायलाच सुमारे दोन महिने लागतात. गरोदर बाईच्या रक्तातून तो बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो.

ही पुस्तकी भीती नव्हे. जपानमध्ये मिनामाता येथे १९५६ साली हा रोग उघडकीस आला, तो समुद्राच्या खाडीतल्या मासळीमुळे. पुढे १९६५ साली त्याच देशात निइगाता प्रांतातल्या आगानो नदीच्या काठी तोच रोग सापडला. तिथले लोक नदीचे मासे रोज खाणारे, आणि कारखाना नदीच्या वरच्या अंगाला. हातापायांना मुंग्या, नजर अरुंद होणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे. त्या कोळ्यांनी काही वावगे खाल्ले नव्हते. आजे-पणजे जे खात आले तेच त्यांनी खाल्ले. १९७१ साली न्यायालयाने कारखान्याला दोषी धरले, पण गेलेली नजर निकालाने परत येत नाही.

आता आपल्यातले काही धर्मशील गृहस्थ म्हणतात की आपल्याला ही काळजी नाही. कारण तळाशी राहणारे, घाण खाणारे मासे तोराने आधीच वर्ज्य केले आहेत. किन्नेरेतला मिशाळ स्फम्नून आपल्याला चालत नाही, खेकडा-कोळंबी चालत नाही, वाम चालत नाही; म्हणजे विषाची वाट बंदच. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. कार्पला खवले आहेत, पर आहेत, आणि तो तळाचा चिखल उपसूनच पोट भरतो. ट्यूना पूर्णपणे काशेर आहे, आणि मोठ्या ट्यूनात पारा पुष्कळ असू शकतो. उलट किन्नेरेतला मुश्त मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म जीव आणि शेवाळ खातो, म्हणून त्यात पारा कमी साठतो. पण तो खवल्यांचा प्रताप नव्हे, त्याच्या आहाराचा परिणाम आहे. खवले आणि पर ही आज्ञा आपण आज्ञा म्हणून पाळावी. तिला आरोग्य खात्याचा दाखला समजलो तर आज्ञेचाही अपमान होतो आणि आरोग्यही जाते.

मग धर्म ह्या बाबतीत गप्प आहे काय? मुळीच नाही. आपल्या शास्त्रकारांनी जिवाचा धोका हा निषिद्ध वस्तूपेक्षाही कडक मानला आहे. निषिद्धात शंका असली तर काही वेळा सवलत मिळते; धोक्यात शंका असली तर तितकी मिळत नाही. नवे घर बांधले तर गच्चीला कठडा घाल, म्हणजे कोणी पडून तुझ्या घराला रक्ताचा दोष लागणार नाही, अशा अर्थाची आज्ञा देवारीम ह्या पुस्तकात आहे. रांबामने, जो स्वतः वैद्य होता, ह्या कठड्याच्या नियमाचा पुढे विस्तार केला. साप पाणी पिऊन गेला असेल म्हणून उघडे पडलेले पाणी पिऊ नये, असे नियम त्याने त्यातच घातले. आणि एक गोष्ट तर त्याने स्पष्ट केली की, मी माझा जीव धोक्यात घालतो, त्यात दुसऱ्याला काय, असे म्हणणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य नाही. तो शिक्षेस पात्र आहे. उघड्या पाण्यात सापाने विष ओतले की नाही हे त्या काळीही डोळ्याला दिसत नव्हते. आज त्या सापाच्या जागी कारखान्याची नळी आहे, एवढाच फरक.

इथे दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. पंचाहत्तरीचा एक गृहस्थ. बायको गेली, मुले दूर. आठवड्यातून एक दिवस पहाटे उठून बस पकडतो, पाण्याकाठी बसतो, चार माणसांशी बोलतो, एक मासा आणून स्वतः रांधून खातो. त्याला आम्ही काय सांगावे? पाऱ्याचा परिणाम वर्षानुवर्षे साठून होतो. महिन्यातून दोनदा खाल्लेल्या लहान माशाने त्याचे जेवढे वाकडे होईल, त्याहून अधिक वाकडे त्याला घरात बसवून, डबाबंद आणि तळलेले खायला लावून होईल. मासा हे उत्तम अन्न आहे. हृदयाला चांगले, पचायला हलके. भीतीपोटी मासा सोडणे आणि त्या जागी काहीबाही खाणे यालाही धोकाच म्हणावे लागेल. रांबामच्या नियमाचा अर्थ प्रत्येक शंकेला घाबरून घरात बसा असा कोणी करू नये. कठडा घाला असे तो म्हणतो, गच्चीवर जाऊच नका असे म्हणत नाही.

हे सर्व आम्हांला मान्य आहे. त्या गृहस्थाने स्वतःच्या ताटाचा निर्णय माहिती घेऊन स्वतः करावा. परंतु आमच्या घरांत ताट एकट्याचे क्वचितच असते. शुक्रवारी रात्री नारळाच्या दुधातले माशाचे कालवण एका मोठ्या भांड्यात होते आणि भांड्याभोवती तीन पिढ्या बसतात. आजोबांनी हौसेने पकडलेला मोठा मासा आजी वाढते. त्यातला सर्वांत चांगला, बिनकाट्याचा तुकडा कोणाला जातो? नातवाला. आणि दुसरा सुनेला, कारण ती दोन जिवांची आहे. म्हणजे प्रेमाने वाढताना आपण सर्वांत मोठा वाटा नेमका त्यांनाच देतो ज्यांना त्याचा अपाय सर्वांत जास्त. नातवाने निवड केलेली नाही. पोटातल्या बाळाने तर नाहीच नाही. स्वतःपुरता धोका पत्करण्याचा जो काही हक्क असेल तो वाढप्याच्या डावेपर्यंत पोचत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता शेजाऱ्याकडे वळू. १९८७ साली घडलेली एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. न्यूयॉर्कच्या एका दुकानातून सरोवरातला पांढरा मासा विकत घेतला गेला. तो आतडी न काढता खारवून वाळवलेला होता. काही लोकांनी तो इस्राएलला आणला आणि आप्तस्नेह्यांना वाटला. न्यूयॉर्कमध्ये दोघे आणि इथे सहा जण बोट्युलिझम नावाच्या विषबाधेने आजारी पडले, त्यांतला एक दगावला. ज्याने पुडा उघडून तुकडा पुढे केला त्याच्या मनात प्रेमाखेरीज काही नव्हते. कोकणात मोठा मासा सुकवताना त्याचे पोट चिरून, आतडी काढून, धुऊन मगच मीठ भरतात; त्या चालीमागे किती पिढ्यांचे शहाणपण आहे हे अशा वेळी कळते. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. भेट म्हणून दिलेल्या अन्नाबद्दल घेणारा चौकशी करीत नाही. विकत घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, कल्ले उघडून पाहतो. शेजाऱ्याने आणून दिले की तोंड भरून आभार मानतो आणि चुलीवर ठेवतो. म्हणून चौकशीची जबाबदारी देणाऱ्यावर येते. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये अशी जी आज्ञा वायिक्रात आहे, तिचा अर्थ आपल्या गुरूंनी नेहमीच व्यापक केला आहे. ज्याला ठाऊक नाही तो त्या बाबतीत आंधळाच.

ह्यातून एक साधा नियम निघतो. जो मासा तुम्ही स्वतःच्या नातवाला वाढणार नाही, तो दुसऱ्याच्या दारात नेऊ नका. आम्ही असे महाभाग पाहिले आहेत की जे म्हणतात, "ह्या पाण्यातला आम्ही खात नाही हो, पण फेकायला जिवावर येते, म्हणून खालच्या नव्या लोकांना देऊन टाकतो." फेकणे पाप वाटते आणि देणे पुण्य वाटते! अन्न वाया घालवू नये हे खरे, पण ज्याला आपण अन्न मानीत नाही ते दुसऱ्याचे अन्न कसे झाले? आणि देताना सांगावे : अमुक पाण्यातला आहे, अमुक दिवशी पकडला, बर्फात ठेवला होता किंवा नव्हता. इतके सांगण्याने प्रेम कमी होत नाही. घेणाऱ्यानेही संकोच सोडावा. "काका, कुठल्या पाण्यातला हो?" असे विचारले तर काकांनी ते अपमान समजू नये, ही वही तपासण्याइतकी साधी गोष्ट आहे.

इथवर आम्ही मासा पकडणाऱ्याला आणि रांधणारीला पुष्कळ सांगितले. परंतु लेख इथेच संपवला तर तो अन्यायाचा होईल. कारण पाणी त्यांनी घाण केलेले नाही.

ह्या देशातल्या नद्यांची कथा पाहा. यार्कोनचे झऱ्याचे पाणी १९५५ साली मोठ्या नळाने नेगेवकडे नेले. शेतीला पाणी मिळाले, पण नदीत उरले ते मुख्यतः सांडपाणी. १४ जुलै १९९७ रोजी मक्काबिया खेळांच्या वेळी यार्कोनवरचा तात्पुरता पूल कोसळला आणि ऑस्ट्रेलियाचे चार खेळाडू मृत्युमुखी पडले. त्यांतले बहुतेक बुडून नव्हे, तर नदीचे पाणी छातीत गेल्यामुळे झालेल्या संसर्गाने गेले. किशोनमध्ये तर कित्येक दशके कारखान्यांचे आम्ल आणि रसायने सोडली गेली. तिथे सराव केलेल्या नौदलाच्या पाणबुड्यांना पुढे कर्करोग झाला, तेव्हा २००० साली निवृत्त सरन्यायाधीश मेयर शमगार यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. २००३ साली अहवाल आला तेव्हा त्या पाण्याचा आणि रोगाचा संबंध सिद्ध झाला की नाही ह्यावर सदस्यांत एकमत नव्हते. तरीही संरक्षण खात्याने त्या सैनिकांची जबाबदारी पत्करली.

हा निर्णय आम्हांला फार शिकवणारा वाटतो. शास्त्रज्ञाला पुरावा लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. पण पुरावा अपुरा असताना त्या अपुरेपणाचा भार कोणी वाहावा? ज्याने पाण्यात सोडले त्याने, की ज्याने पाण्यात उडी मारली त्याने? सरकारने त्या वेळी दिलेले उत्तर एका घरापुरते पाहिले तरी योग्यच ठरेल : शंकेचा फायदा आजारी माणसाला मिळावा. माशाच्या बाबतीतही हाच न्याय हवा. "हा मासा वाईट आहे हे आधी तुम्ही सिद्ध करा" असे खाणाऱ्याला सांगणे उलटे आहे. पाण्यात काही सोडणाऱ्यानेच ते निरुपद्रवी असल्याचे दाखवून द्यावे.

नाही तर काय होते, त्याचे उदाहरण कॅनडातले आहे. ओंटारियो प्रांतात १९६२ ते १९७० ह्या काळात कागदाच्या लगद्याच्या एका कारखान्यातून सुमारे नऊ टन पारा वाबिगून नदीत गेला. खालच्या अंगाला ग्रासी नॅरोज येथे ओजिब्वे ह्या मूळ रहिवाशांची वस्ती. मासा हेच त्यांचे अन्न आणि पाहुण्यांना मासेमारीसाठी नेणे हीच त्यांची कमाई. १९७० साली सरकारने मासेमारीवर बंदी घातली. बंदी योग्यच होती; मासा विषारी होता. पण एका हुकुमाने त्या लोकांचे अन्न गेले, धंदा गेला, आणि मुलाला गळ टाकायला शिकवण्याचे बापाचे कामही गेले. पारा मात्र तळाच्या गाळात राहिला आणि लोकांचे आजार पुढे पिढ्यान्पिढ्या चालले. "खाऊ नका" एवढे सांगून सत्ताधाऱ्यांचे कर्तव्य संपले असे ज्यांना वाटते, त्यांनी ह्या वस्तीचा इतिहास वाचावा.

आपल्या मूळ मुलखातही हे घडले आहे. आपल्यातल्या रोहेकरांचे रोहे कुंडलिकेच्या काठचे. तिथे धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली, आणि ज्या नदीत पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला गाव लोटे, त्या नदीच्या पाण्याबद्दल कोळी तक्रार करू लागले. नोकऱ्या आल्या हे खरे, त्यांचा लाभ अनेकांना झाला हेही खरे. पण नोकरी एकाला मिळाली आणि मासळी दुसऱ्याची गेली, असा तो व्यवहार होता. आणि दुसऱ्याला कोणी विचारले नव्हते.

आणखी एक लहानसा प्रश्न काही तरुण विचारतात. खायचा नसेल तर मासा पकडावा आणि पुन्हा पाण्यात सोडावा, त्यात काय बिघडले? आमचे मत असे की अन्नासाठी मासा मारणे आपल्या धर्माने मान्य केले आहे. पण नुसत्या करमणुकीसाठी प्राण्याला इजा करणे त्याला रुचत नाही. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेझ्केल लांदाऊ यांना एका श्रीमंत गृहस्थाने हौसेच्या शिकारीबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी ती निम्रोद आणि एसाव यांची रीत आहे, आब्राहामाच्या मुलांची नव्हे, असे उत्तर दिले होते. ज्या पाण्यातला मासा खाण्याजोगा नाही तिथे गळ टाकून त्याचे तोंड फाडण्यापेक्षा काठावर बसून पाहावे हे बरे. ह्याच देशात यार्कोनचा इवलासा लाव्नून १९९९ च्या दुष्काळात नाहीसा होण्याच्या बेतात होता. तेल अवीव विद्यापीठातल्या लोकांनी उरलेसुरले मासे उचलून हौदात जगवले, वाढवले आणि २००६ साली नदीत परत सोडले. मासा आपल्याला सुरक्षित आहे का हे विचारताना, आपण माशाला सुरक्षित आहोत का हेही कधी विचारावे.

आता निवृत्त शिक्षकाच्या सवयीप्रमाणे शेवटी चार गोष्टी फळ्यावर लिहून ठेवतो. गळ टाकण्यापूर्वी त्या पाण्यात मासेमारीला परवानगी आहे की नाही आणि आरोग्य किंवा पर्यावरण खात्याची काही सूचना आहे की नाही, हे नगरपालिकेत फोन करून विचारावे. हिब्रू अडत असेल तर नातवंडांना लावावे, तेवढाच त्यांचाही अभ्यास होईल. कारखान्याच्या किंवा सांडपाण्याच्या नळीखालचा, आणि पाण्यावर हिरवी साय धरली असेल तेव्हाचा मासा घेऊ नये. मोठ्या म्हाताऱ्या माशापेक्षा लहान, शेवाळ खाणारा मासा बरा. आतडी आणि काळीज काढून टाकावे, मासा काठावरच बर्फात ठेवावा, आणि आतपर्यंत शिजवावा. गरोदर बायका आणि लहान मुले यांना ओळखीच्या, तपासलेल्या पाण्यातलाच मासा द्यावा. आणि नदीकाठी मेलेले मासे तरंगताना दिसले, पाण्याला वास आला, तर नुसते नाक दाबून घरी येऊ नये. संबंधित खात्याला कळवावे, पत्र लिहावे, चार जणांच्या सह्या घ्याव्यात. आपल्या समाजाला सह्या गोळा करण्याचा आणि सरकारच्या दारात बसण्याचा अनुभव चांगला आहे. १९६० च्या दशकात आपल्या विवाहांच्या प्रश्नावर आपण तो घेतला आहे.

दावीद राहाबींनी आपल्या आजी-पणज्यांपुढे टोपली ठेवली तेव्हा एका दृष्टिक्षेपात निवड करता येत होती. आज टोपली आपल्यापुढे आहे, आणि निवड करायला माहिती, विचारपूस आणि थोडी हिंमत लागते. ज्या वाचकांना पाण्याकाठचा अनुभव आमच्याहून अधिक आहे, त्यांनी आपली मते, विरोधी असली तरी, संपादकांकडे अवश्य पाठवावीत. विशेषतः किशोन आणि यार्कोनच्या काठी बसणाऱ्यांनी तिथे आज काय दिसते ते लिहावे; आम्ही वाचायला उत्सुक आहोत.

शालोम.